१९०७ च्या अर्जात पणजीचे नाव सापडले. आता पुढे काय?

प्रश्न : मूळच्या पुण्याच्या आणि आता अमेरिकेत टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे यजमान अमेरिकन असून सासरचे कुटुंब आर्कान्सातील आहे. सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत आणि आपली पणजी ‘पूर्ण चेरोकी’ (चेरोकी हा अमेरिकेतील एक मूलनिवासी समाज) होती, असे त्या लहानपणापासून ऐकत आणि सांगत आल्या आहेत. सरकारी यादीत या कुटुंबाचे नाव का नाही, असे विचारल्यास भीतीपोटी घरच्यांनी नोंदणी टाळली, असे त्या म्हणतात. अलीकडे एका नातेवाइकाला १९०७ मधील एका अर्जाची प्रत मिळाली. त्यात याच पणजीने आर्कान्सातून स्वतःला चेरोकी म्हणवून सरकारकडून मिळणाऱ्या रकमेवर हक्क सांगितला आहे. सासूबाईंच्या दृष्टीने हा पुरावा असून नातवाची चेरोकी नेशनमध्ये नोंदणी व्हावी, अशी त्यांची इच्छा आहे. यजमानांच्या डीएनए चाचणीत मात्र अमेरिकेतील मूलनिवासी वंशाचा अंश शून्य आला आणि त्यांनी विषय संपला असे जाहीर केले. मायलेकांचे बोलणे त्यामुळे जवळजवळ थांबले आहे. शोधाचे काम सुनेकडे आले आहे. मुलगा यंदा बारावीत असून महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जात ‘अमेरिकन इंडियन’ (म्हणजे अमेरिकेतील मूलनिवासी) या रकान्यात खूण करावी, असा आजीचा आग्रह आहे. नोंदी कशा पाहाव्यात, खूण करणे योग्य आहे का आणि उत्तर नकारार्थी आले तर ते सासूबाईंना कसे सांगावे, असे या भगिनी विचारतात.

उत्तर : तुमच्या सासूबाई आणि तुमचे यजमान परस्परविरुद्ध बोलत आहेत असे वरवर दिसते, परंतु दोघांचे गृहीतक एकच आहे. चेरोकी असणे म्हणजे अंगात चेरोकी रक्त असणे, असे दोघेही मानतात. आईला ते १९०७ च्या कागदात सापडले आणि मुलाला ते चाचणीत सापडले नाही, एवढाच काय तो फरक. ज्या नोंदींबद्दल तुम्ही विचारत आहात त्या मात्र निराळ्याच प्रश्नासाठी तयार झाल्या होत्या. चेरोकी हे स्वतःचे शासन, कायदे आणि न्यायालये असलेले राष्ट्र आहे, आणि आपले नागरिक कोण हे ते राष्ट्र ठरवते. अमेरिकेच्या संघराज्य सरकारची मान्यता असलेली तीन चेरोकी शासने आज आहेत : ओक्लाहोमातील टॅलेक्वा येथे मुख्यालय असलेले आणि साडेचार लाखांहून अधिक नागरिक असलेले चेरोकी नेशन, त्याच गावातून कारभार चालवणारा युनायटेड कीटूवा बँड आणि नॉर्थ कॅरोलिनातील ईस्टर्न बँड. म्हणून तुमचा शोध दोन प्रश्नांत विभागा. या कुटुंबाचा एखादा पूर्वज चेरोकी समाजातला होता का, हा पहिला. आणि त्या नात्याने आजच्या पिढीला नागरिकत्व मिळू शकते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे नकारार्थी येऊ शकते. ही शक्यता मनात ठेवूनच कागद उघडलेले बरे.

आता तो १९०७ चा अर्ज. तुमच्या वर्णनावरून तो गियन मिलर यांच्याकडे गेलेल्या अर्जांपैकी असावा. त्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्याशिवाय या कागदाचे वजन कळत नाही. १८३५ च्या डिसेंबरमध्ये न्यू एकोटा येथे चेरोकींच्या एका लहान गटाने, प्रमुख जॉन रॉस आणि बहुसंख्य लोकांचा विरोध असताना, मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील सारी भूमी सोडून देण्याच्या करारावर सह्या केल्या. त्या कराराच्या आधारे १८३८–३९ मध्ये लष्कराकरवी चेरोकींना घराबाहेर काढून पश्चिमेला नेण्यात आले आणि त्या वाटेवर हजारो माणसे दगावली. करारातील देण्यांचा वाद पुढे अनेक दशके चालला. अखेर १९०५ मध्ये अमेरिकेच्या दावा न्यायालयाने पूर्वेकडील चेरोकींच्या बाजूने निकाल दिला आणि रक्कम कोणाला मिळावी याची यादी करण्याचे काम मिलर यांच्याकडे सोपवण्यात आले. २८ मे १९०६ रोजी हयात असलेली आणि करारांच्या काळातील पूर्वेकडील चेरोकींची वंशज असलेली व्यक्तीच पात्र ठरणार होती. अर्जांची मुदत १९०७ च्या ऑगस्टअखेर संपली तोपर्यंत सुमारे ४६,००० अर्ज आले, आणि अर्जांत मुलांचीही नावे असल्यामुळे दावेदारांची संख्या सुमारे ९०,००० झाली. त्यांपैकी ३०,२५४ जण पात्र ठरले : २७,०५१ मिसिसिपीच्या पश्चिमेला राहणारे आणि ३,२०३ पूर्वेला राहणारे.

म्हणजे दर तीन दावेदारांपैकी साधारण दोघांचा दावा अमान्य झाला. महाराष्ट्रात जातपडताळणीसाठी आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नोंद शोधणाऱ्या घरांना जुना कागद सापडला की प्रश्न सुटला असे वाटते, आणि तुमच्या मनातही कदाचित तीच सवय असेल. येथे तुमच्या हाती आहे तो दाखला नसून दाखल्यासाठी केलेला अर्ज आहे. पणजीने १९०७ मध्ये असे म्हटले, एवढेच त्यावरून सिद्ध होते. ते खरे ठरले का, हे त्याच प्रकरणाच्या निकालात असते, आणि नातेवाइकांनी तुम्हाला दिलेल्या प्रतीत निकालाचे पान नसावे असे मला वाटते, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही.

तेव्हा पहिले काम हे की अर्जाचा क्रमांक टिपून संपूर्ण प्रकरण मिळवावे. हे सर्व अर्ज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एम-११०४ या क्रमांकाच्या सूक्ष्मपटांवर (मायक्रोफिल्मवर) आहेत आणि त्यांच्या डिजिटल प्रती वंशशोधाच्या संकेतस्थळांवर पाहता येतात. निकाल पाहण्याआधी अर्ज मात्र सावकाश वाचा. अर्जदाराचे जन्मगाव, आईवडिलांची व दोन्हीकडील आजीआजोबांची नावे, भावंडे, काका, मामा, आत्या, मावश्या आणि १८५१ मध्ये हे लोक कोठे राहत होते, असे सारे त्यात विचारलेले असते. १८५१ चा प्रश्न विनाकारण नाही. त्या सुमारास पूर्वेत राहिलेल्या चेरोकींच्या सायलर आणि चॅपमन यांनी केलेल्या याद्या आणि पश्चिमेला पोहोचलेल्यांची ड्रेनन यांनी केलेली यादी हाताशी होती, आणि मिलर यांचे सहकारी अर्जातील नावे त्या याद्यांशी ताडून पाहत होते. त्याही मागे १८३५ ची हेंडरसन यांची जनगणना आहे. पणजीने सांगितलेली आजी किंवा आजोबा यांपैकी एका यादीत त्याच भागात, जुळणाऱ्या वयाचे आणि जुळणाऱ्या भावंडांसह सापडले, तर सासूबाईंच्या आठवणीला मोठा आधार मिळेल. केवळ आडनाव जुळणे मात्र पुरेसे नाही. चेरोकी आणि गोऱ्या शेजाऱ्यांची इंग्रजी आडनावे पुष्कळदा सारखीच असत, आणि दुसऱ्या घराचा पूर्वज आपल्या वंशावळीत आणून बसवणे ही या शोधातली सर्वांत सहज होणारी आणि सर्वांत उशिरा उघड होणारी चूक आहे.

अर्ज अमान्य झाला असेल तर कारण एका ओळीत दिलेले असते : पूर्वज कोणत्याही यादीत नाहीत, किंवा ते करारांच्या काळी चेरोकी प्रदेशात राहत नव्हते. कधी कधी कारणही नसते, केवळ दुसऱ्या एखाद्या अर्जाचा क्रमांक पाहावा असे लिहिलेले असते. तेथे थांबू नका. एकाच पूर्वजाच्या नावाने आलेले अर्ज मिलर एकत्र तपासत आणि सविस्तर विवेचन मुख्य अर्जात ठेवत. सायझमोर घराण्याच्या वंशजांचे असे सुमारे २,००० अर्ज होते आणि ते एकत्रितपणे अमान्य झाले. त्या घराण्यातील लोक खोटे बोलत होते असा याचा अर्थ नाही. तुमच्या सासूबाईंप्रमाणेच त्यांनीही आजीकडून ऐकलेले मनापासून खरे मानले होते.

नागरिकत्वाचा प्रश्न मात्र मिलर यांच्या यादीने सुटत नाही, पणजीचा अर्ज मंजूर झाला असला तरीही. चेरोकी नेशन आज एकच कसोटी लावते : डॉझ आयोगाच्या अंतिम यादीत चेरोकी म्हणून नोंदलेल्या व्यक्तीचे तुम्ही थेट वंशज आहात का. माजी सिनेटर हेन्री डॉझ यांच्या अध्यक्षतेखाली १८९३ मध्ये नेमलेल्या या आयोगाने चेरोकी, चॉक्टॉ, चिकसॉ, क्रीक आणि सेमिनोल या पाच राष्ट्रांची सामुदायिक जमीन वैयक्तिक तुकड्यांत वाटून टाकण्यासाठी नागरिकांच्या याद्या केल्या. जमीन मिळणार असल्यामुळे येथेही बाहेरच्यांचा लोंढा आला. अडीच लाखांहून अधिक लोकांनी अर्ज केले आणि पाचही राष्ट्रांची मिळून एक लाखाच्या किंचित वर नावे मान्य झाली. अंतिम याद्यांची अनुक्रमणिका ओक्लाहोमा हिस्टॉरिकल सोसायटीच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येते. नाव सापडले की यादी क्रमांकावरून नोंदणी कार्ड काढावे. कार्डावर सारे कुटुंब एकत्र असते, आईवडिलांची नावे असतात आणि १८८० च्या चेरोकी जनगणनेसारख्या आधीच्या यादीतील संदर्भही असतो. संशयित आणि अमान्य अर्जदारांची कार्डे वेगळी ठेवलेली आहेत, म्हणून कार्ड सापडले याचा अर्थ नोंदणी झाली असा घेऊ नये. कार्डामागची जबानी एम-१३०१ या संचात आहे, आणि माझ्या मते संपूर्ण अभिलेखागारात याहून बोलका दस्तऐवज नाही : कोण कोणाच्या घरी वाढले, कोणती आई कोणत्या साली वारली, शेजारी कोण होते, हे त्या माणसांच्या तोंडून उतरवून घेतलेले आहे.

तुमच्या बाबतीत मला येथे मोठी अडचण दिसते. १८९८ च्या कर्टिस कायद्याने नोंदणीसाठी त्या राष्ट्राच्या भूमीत खरेखुरे वास्तव्य आवश्यक केले होते. पणजी १९०७ मध्ये आर्कान्सात राहत होती. १९०० च्या जनगणनेत हे कुटुंब कोठे होते ते प्रथम पाहा. ते इंडियन टेरिटरीत (आजच्या ओक्लाहोमातील, तेव्हा या राष्ट्रांची भूमी असलेल्या प्रदेशात) नसून तेव्हाही आर्कान्सातच असेल, तर डॉझ यादीत नाव सापडण्याची शक्यता फार थोडी आहे. मग पूर्वजांचे नाते खरे निघाले तरी चेरोकी नेशनचे नागरिकत्व मिळणार नाही. ईस्टर्न बँडसाठी १९२४ च्या बेकर यादीत थेट पूर्वज आणि किमान एक-सोळांश चेरोकी रक्त अशी अट आहे, आणि युनायटेड कीटूवा बँडची रक्ताची अट एक-चतुर्थांश आहे. तुमच्या मुलासाठी हे दोन्ही मार्ग खुले असतील असे वाटत नाही.

‘भीतीपोटी नोंदणी टाळली’ या आठवणीकडे मी आदराने पाहतो, कारण भीती वाटावी असे त्या काळात पुष्कळ घडले होते. तरीही हे स्पष्टीकरण तपासून घ्यावे लागेल. रेडबर्ड स्मिथ यांच्या नेतृत्वाखालील कीटूवा या परंपरानिष्ठ चेरोकी गटाच्या अनुयायांनी जमीनवाटपाला विरोध म्हणून नोंदणी खरोखर नाकारली होती, आणि त्यांपैकी काहींना त्यासाठी तुरुंगात जावे लागले; परंतु आयोगाने शेजाऱ्यांना विचारून, जुन्या याद्या पाहून त्यांतील अनेकांची नावे त्यांच्या संमतीवाचून नोंदवली. आपल्या समाजात राहणारे चेरोकी कुटुंब १८१७ पासूनच्या एवढ्या साऱ्या याद्यांतून पूर्णपणे निसटणे विरळ होते. शिवाय तुमच्या हातातला कागदच सांगतो की पणजी लपलेली नव्हती. तिने स्वतःहून सरकारला पत्ता कळवला, नातेवाइकांची नावे दिली आणि रक्कम मागितली.

यजमानांच्या चाचणीबद्दलही तितकीच सावधगिरी हवी. पणजी खरोखरच पूर्ण चेरोकी असती तर तिच्या पणतीच्या मुलाच्या, म्हणजे तुमच्या यजमानांच्या, वाट्याला सरासरी एक-सोळांश अंश आला असता, आणि तो शून्य दिसणे ही त्या दाव्याविरुद्ध जाणारी गोष्ट आहे. परंतु पणजीची आजी चेरोकी असेल तर तो अंश इतका कमी होतो की चाचणीत तो न दिसणे शक्य आहे. अंश दिसला असता तरी तो चेरोकींचा की अन्य कोणाचा, हे या चाचण्यांनी कळत नाही. २०१८ मध्ये सिनेटर एलिझाबेथ वॉरेन यांनी आपल्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला तेव्हा अशा चाचणीने नागरिकत्व ठरत नाही, हे चेरोकी नेशनने जाहीरपणे सांगितले, आणि वॉरेन यांनी पुढे त्या राष्ट्राची माफी मागितली. म्हणून यजमानांना एवढेच सांगा की चाचणीने एक शक्यता बरीच कमी केली आहे, शोध संपवलेला नाही.

रक्ताच्या हिशेबावर विसंबणे किती अन्यायाचे ठरू शकते याचे उदाहरण याच याद्यांत आहे, आणि इतर वाचकांपैकी कोणाचे सासर कृष्णवर्णीय अमेरिकन असेल तर त्यांनी पुढील भाग अवश्य लक्षात ठेवावा. चेरोकींमध्ये गुलामगिरी होती. १८६६ च्या कराराने मुक्त झालेल्या गुलामांना आणि त्यांच्या वंशजांना चेरोकी नागरिकांचे सर्व हक्क दिले. डॉझ आयोगाने त्यांची नावे ‘फ्रीडमेन’ या वेगळ्या यादीत घातली आणि त्या यादीत चेरोकी रक्ताचा रकानाच ठेवला नाही, वडील किंवा आजोबा चेरोकी असले तरीही. २००७ मध्ये चेरोकी नेशनमधील मतदानाने त्यांच्या वंशजांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले; २०१७ मध्ये संघराज्य न्यायालयाने १८६६ च्या कराराचा आधार घेऊन ते कायम असल्याचा निर्णय दिला, आणि २०२१ मध्ये चेरोकी नेशनच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेतील रक्ताची अटच रद्दबातल ठरवली. ज्यांचे पूर्वज या यादीत आहेत त्यांचा हक्क इतर कोणाहून कमी नाही. आणि ‘रक्ताने नागरिक’ या दुसऱ्या यादीत लिहिलेला चेरोकी रक्ताचा अपूर्णांकही प्रयोगशाळेतला आकडा नसून पुष्कळदा अर्जदाराच्या सांगण्यावरून किंवा चेहरा पाहून लिहिलेला आहे, हे कार्ड वाचताना विसरू नये.

प्रवेश अर्जाबद्दल माझे मत स्पष्ट आहे : आज तुमच्या मुलाने ती खूण करू नये. हा रकाना कुटुंबातील आठवणींसाठी नाही. संघराज्य सरकारच्या १९९७ च्या व्याख्येनुसारही मूलनिवासी पूर्वजांबरोबर त्या समाजाशी चालू असलेला संबंध अपेक्षित होता, आणि अनेक अर्जांत पुढे राष्ट्राचे नाव व नोंदणीबाबत माहिती विचारली जाते. २०१० च्या जनगणनेत आठ लाखांहून अधिक लोकांनी स्वतःला चेरोकी म्हणवले. तिन्ही चेरोकी शासनांच्या नागरिकांची तेव्हाची संख्या त्याच्या जवळपासही नव्हती. जो समाज आपली भाषा आणि आपली भूमी टिकवण्यासाठी आजही झगडतो आहे, त्याच्या नावावर बाहेरच्यांनी सहजपणे हक्क सांगावा याचा त्या लोकांना होणारा त्रास मला अगदी खरा वाटतो. मुलाला आईकडून ‘एशियन इंडियन’ ही ओळख निःसंशय मिळाली आहे, तीवर त्याने निर्धास्तपणे खूण करावी. नोंदणी क्रमांक कधी हाती आला, तर पुढच्या कोणत्याही अर्जात तो लिहिता येईलच.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. निकाल हाती येईपर्यंत थांबून मग तो त्यांच्यासमोर ठेवावा असे तुमच्या मनात दिसते, पण तसे करू नका. त्यांना शोधात आधीच सोबत घ्या. पणजीबद्दल त्यांना कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगितले, ते विचारून ध्वनिमुद्रित करा. त्या एका बैठकीतून तुम्हाला माहेरची आडनावे, गावे आणि मृत्यूची वर्षे मिळतील, जी आर्कान्सात कागदावर सहज मिळणार नाहीत, कारण त्या राज्यात जन्ममृत्यूची सक्तीची नोंद १९१४ मध्ये सुरू झाली. १९०७ चा अर्ज त्यांच्याबरोबर बसून ओळीने वाचा. निकाल काहीही असो, त्यात त्यांच्या पणजीचे निवेदन आहे, तिने आपल्या आईबद्दल आणि भावंडांबद्दल दिलेली माहिती आहे, आणि कदाचित तिची सही किंवा निशाणी आहे. यादीत नाव नाही हे त्यांनी स्वतः अक्षर लावून वाचले, तर ते सुनेने किंवा मुलाने दिलेले उत्तर राहणार नाही. त्या वाचनाला यजमानांनाही बसवा आणि त्यांनी आईला खोटे पाडण्यासाठी नव्हे, तर पुढची कागदपत्रे मागवण्यासाठी हात लावावा, असे त्यांना आधीच सांगून ठेवा.

पुढचा क्रम असा ठेवता येईल. मुलापासून मागे जात प्रत्येक पिढीचा जन्म, विवाह आणि मृत्यू यांचे राज्याने प्रमाणित केलेले दाखले मागवा, स्त्रियांची माहेरची आडनावे प्रत्येक टप्प्यावर लिहून घ्या, मग १९५० पासून १९०० पर्यंतच्या जनगणना पाहा. १८९० ची जनगणना आगीत जवळजवळ सगळीच नष्ट झाली, त्यामुळे १९०० आणि १८८० यांच्यामधील पोकळी विवाहनोंदी आणि दफनभूमीतील शिलालेख यांवरून भरून काढावी लागेल. त्यानंतरच मिलर यांचे प्रकरण आणि डॉझ यादी उघडा. थेट पूर्वज डॉझ यादीत सापडला तर हेच दाखले जोडून टॅलेक्वातील नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करता येतो. तो सापडला नाही तर अर्जाची आणि निकालाची संपूर्ण प्रत, सासूबाईंच्या ध्वनिमुद्रणासह, सासरच्या इतर शाखांना पाठवा. ज्या नातेवाइकाने तो अर्ज शोधून काढला त्याच्याही मुलाबाळांच्या हाती तोच अर्धवट कागद असणार आहे.